तुसाँ लुव्हर्त्यूर : गुलामांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी

एप्रिल म्हणजे आपल्यासाठी जयंत्यांचा महिना. ११ तारखेला महात्मा फुले, १४ तारखेला बाबासाहेब. याच महिन्यात, ७ तारखेला, तुसाँ लुव्हर्त्यूर यांचा स्मृतिदिन असतो. अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्या लोकांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधी हैतीतील गुलामांनी आपल्या बेड्या स्वतःच तोडल्या होत्या. म्हणून हे नाव आपल्या घराघरांत माहीत असावे, असे आम्हाला वाटते.

हैती तेव्हा सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती. तिथल्या ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत. तुसाँ यांचा जन्म अशाच एका मळ्यावर गुलाम कुटुंबात झाला. ते गुरे सांभाळत, पुढे मालकाचे गाडीवान झाले, लिहायला-वाचायला शिकले आणि गुलामीतून मुक्तही झाले. ऑगस्ट १७९१ मध्ये मळे पेटले, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले तुसाँ स्वतःपुरत्या सुटकेवर समाधान न मानता उठावात उतरले.

आधी ते स्पेनच्या बाजूने लढले. १७९४ मध्ये फ्रान्सकडे आले. त्याच वर्षी फ्रान्सने गुलामी रद्द केली होती. १७९८ मध्ये इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागली. १८०१ च्या राज्यघटनेत त्यांनी गुलामी कायमची संपल्याचे लिहिले. मात्र त्याच घटनेने त्यांना तहहयात गव्हर्नर केले आणि मजुरांना मळ्यांवरच बांधून ठेवले. आदर ठेवूनही हे सांगितलेच पाहिजे. व्यक्तिपूजा आपल्या परंपरेत बसत नाही.

नेपोलियनने पाठवलेली मोठी फौज १८०२ मध्ये येऊन धडकली. मार्चमध्ये क्रेत-आ-पिएरोच्या किल्ल्यात देसालीन यांचे सैनिक वेढ्यात झुंजले आणि अखेर वेढा फोडून बाहेर पडले. जूनमध्ये तुसाँ यांना बोलणीसाठी बोलावून दग्याने पकडले. फ्रान्सच्या थंड डोंगरातील जू किल्ल्यात, कैदेतच, ७ एप्रिल १८०३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

लढाई थांबली नाही. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हर्तिएरच्या रणांगणावर फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पण १८२५ मध्ये फ्रान्सने याच देशावर पंधरा कोटी फ्रँकचा बोजा लादला. भरपाई कुणाला, तर जुन्या मालकांना!

तुसाँ यांचे नाव आज पॅरिसच्या पँथिऑनमध्ये कोरलेले आहे. व्हर्तिएरला पडलेल्या बहुतेकांची नावे कुठेच नाहीत. ७ एप्रिलला अभिवादन करताना आपण त्यांचीही आठवण ठेवूया.