विषाणूच्या चुका, जिवाणूचा हात

ज्याँ वायगल मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये जिनिव्हात जन्म, तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापकी आणि क्ष-किरणांचे संशोधन. १९४६ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. १९४८ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि पुढे कॅलिफोर्निया गाठले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर विषय निवडला तोही अगदी नवा : जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजे फाज.

१९५३ मधला त्यांचा प्रयोग चक्रावणारा आहे. लॅम्डा नावाच्या फाजवर अतिनील किरण सोडले की बहुतेक निकामी होत. पण ज्या ई. कोलाय जिवाणूंत ते शिरणार, त्यांनाही आधी थोडे अतिनील किरण दिले, तर जास्त फाज वाचत. आजारी यजमानाच्या घरी पाहुणा बरा व्हावा, तसेच हे! शिवाय वाचलेल्या फाजमध्ये उत्परिवर्तनेही कितीतरी अधिक दिसत. म्हणजे त्या बदलांत जिवाणूचाही हात होता.

तो कसा, हे उलगडायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. डीएनएला इजा झाली की जिवाणूतले रेकए प्रथिन सक्रिय होते, एरवी दुरुस्तीची जनुके दाबून ठेवणारे लेक्सए प्रथिन तुटते आणि ती जनुके कामाला लागतात. त्यांपैकी यूएमयूसी आणि यूएमयूडी या जनुकांची प्रथिने इजा झालेल्या जागेवरून डीएनएची नक्कल कशीबशी पुढे रेटतात; अक्षरे मात्र चुकतात. रेकए जनुकच बिघडलेल्या जिवाणूत फाजला हा जादा आधार मिळत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकेही हीच यंत्रणा चेतवतात, म्हणून प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष असते. तिला ‘एसओएस’ हे नाव पडले ते सत्तरच्या दशकात. वायगल १९६८ मध्येच पॅसाडेनात वारले होते.