बदरुद्दीन तय्यबजी : निर्णयाचे ओझे कोणावर?

कळव्याहून धीम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आपण बाहेर आलात, की रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची घुमटांची दगडी इमारत दिसते. ही संस्था ज्यांनी उभी केली, त्यांपैकी एकाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

त्याचे कारण आहे. मशिदीत आम्हा इमामांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : अमुक गोष्ट जायज आहे की नाही? उत्तर मिळाले की विचारणारा निश्चिंत होऊन घरी जातो. परंतु जायज कृत्यालाही परिणाम असतात आणि पुष्कळदा ते करणाऱ्याला नव्हे, दुसऱ्याच कोणाला भोगावे लागतात. ग्रॅनाडाचे इमाम शातिबी (मृत्यू १३८८) यांनी 'अल-मुवाफकात'मध्ये हाच विषय विस्ताराने मांडला आहे : कृत्याचा शेवट कोठे होणार, हे पाहणे शरियतला अभिप्रेत आहे.

बदरुद्दीन तय्यबजी आलिम नव्हते, बॅरिस्टर होते. त्यांचा जन्म १८४४ साली मुंबईतील सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात झाला. १८६० मध्ये ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये परतून मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. त्या काळी इंग्रजी शाळेत गेले की मुलगा दीन गमावतो, ही भीती आपल्या समाजात खोलवर होती. ती सर्वस्वी निराधार होती, असे मी म्हणणार नाही. बदरुद्दीन आणि त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन यांनी मात्र दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला. मुलगा शाळेत गेलाच नाही तर त्याच्या पुढच्या पिढीचे काय? कचेरी, न्यायालय, दवाखाना येथे आपले माणूस कोण असेल? या विचारातून, समाजातील इतर धुरीणांच्या साथीने, १८७४ मध्ये अंजुमनची स्थापना झाली. आपल्या मुलींनाही बदरुद्दीन यांनी शाळेत घातले. पडद्याविषयीची त्यांची मते अनेक उलेमांना मान्य नव्हती. मलाही ती सगळी पटत नाहीत. मुलींच्या शिक्षणाबाबत मात्र काळाने त्यांच्याच बाजूने साक्ष दिली आहे.

१८८७ मध्ये मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांनी मुस्लिमांच्या या सहभागाला कडाडून विरोध केला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. बदरुद्दीन यांचे मत बदलले नाही. पण बहुसंख्य मुस्लिम दूर जात असल्याचे त्यांना दिसत होते. म्हणून १८८८ मध्ये त्यांनी ह्यूम यांना सुचविले की, सभेची अधिवेशने काही वर्षे स्थगित ठेवावीत. ही सूचना मानली गेली नाही. माझ्या मते ती चुकीचीच होती, कारण थांबल्याने दुरावा कमी झाला असता, असे मानायला आधार नाही. तरीही अध्यक्षपद भूषविलेल्या माणसाने आपल्या भूमिकेपेक्षा समाजातील फुटीची अधिक चिंता वाहावी, हे विसरता येत नाही.

१८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी त्यांच्यापुढे जो अर्ज आला, त्याकडे आपण लक्षपूर्वक पाहावे. प्लेगच्या दिवसांत, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. 'केसरी'तील लेखनावरून २७ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही नाकारला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने न्या. तय्यबजींपुढे अर्ज केला.

आता त्या आसनावर स्वतःला बसवून पाहा. सरकार नाराज होणार, हे उघड होते. १८९३ च्या मुंबईतील दंगलीला चारच वर्षे झाली होती आणि टिळकांच्या त्या काळातील भूमिकेने कितीतरी मुस्लिमांची मने दुखावली होती. जामीन नाकारला असता तर तय्यबजींना कोणी दोष दिला नसता. वरिष्ठ न्यायाधीशांचा आधार तयारच होता. सूरह माइदामध्ये श्रद्धावंतांना ताकीद आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या रोषाने तुम्ही न्यायापासून ढळू नये. ही ताकीद ऐकणे सोपे. ती पाळण्याची वेळ अशी येते.

तय्यबजींनी दोनच गोष्टी तोलल्या. आरोपी खटल्याला हजर राहील का? आणि तो महिनाभर कोठडीत राहून पुढे निर्दोष ठरला, तर ते दिवस त्याला कोण परत देणार? सरकारी वकिलाचा विरोध बाजूला ठेवून त्यांनी ४ ऑगस्टला जामीन मंजूर केला. टिळक बाहेर येऊन बचावाच्या तयारीला लागले. सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला; सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी व तीन भारतीय ज्यूरींनी निर्दोष म्हटले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे जामिनाने निकाल पालटला नाही. पण तय्यबजींपुढे निकालाचा प्रश्न नव्हताच.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि पुन्हा जामिनाचा अर्ज झाला. या वेळी न्यायासनावर दिनशा दावर होते. त्यांनी अर्ज फेटाळला आणि खटल्याअंती सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा फर्मावली.