नाना शंकरशेट आणि आगगाडी

गोंदिया स्टेशन तुम्ही पाहिलेच असेल. तेथून पश्चिमेकडे जाणारे रूळ तुमसर, नागपूर, भुसावळ असे करत थेट मुंबईला पोहोचतात. या लांबलचक मार्गाचा मुंबईकडचा पहिला तुकडा कोणाच्या खटपटीने झाला, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? त्या कामात जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यांचे वडील मुंबईतील मोठे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले आणि तरुण वयातच सारा कारभार नानांच्या अंगावर पडला. नानांनी तो सचोटीने सांभाळला, पण मिळवलेला पैसा केवळ स्वतःसाठी ठेवला नाही. मुलींच्या शाळेलाही त्यांनी मदत केली. १८४० साली मुंबईत शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्यात नानांबरोबर फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हेही सभासद होते. निरनिराळ्या समाजांच्या माणसांना बरोबर घेऊन काम करणे, हा नानांचा स्वभावच होता.

त्या काळी घाटावरचा कापूस बैलगाडीने मुंबई बंदरात येई. त्याला आठवडेच्या आठवडे लागत. पावसाळ्यात वाटा चिखलात बुडून जात. यावर आगगाडी हाच उपाय आहे, हे नानांनी ओळखले. १८४५ साली त्यांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या सोबतीने रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे लंडनमध्ये रेल्वे कंपनी उभी राहिली. तिच्या मुंबईतील कामातही नानांनी भाग घेतला.

१६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुणे घेऊन ठाण्याकडे निघाली. तोफांची सलामी झाली. त्या पाहुण्यांत नानाही होते. अंतर होते ३४ किलोमीटर. रुळांमधील रुंदी ५ फूट ६ इंच होती. गोंदियाहून मुंबईला जाणाऱ्या रुळांची रुंदीही आज तेवढीच आहे!

हा मार्ग १८५४ साली कल्याणला पोहोचला. कल्याणला त्याला दोन फाटे फुटतात. एक कसारा घाटातून नागपूरकडे जातो, तर दुसरा बोरघाटातून पुण्याकडे. आता मुंबई-कल्याण भागात निदान चार मार्ग शेजारी शेजारी आहेत. दोन धीम्या लोकलसाठी आणि दोन जलद गाड्यांसाठी. प्रत्येक दोहोंत एक जाण्याचा व एक येण्याचा.

इतक्या गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत? मार्गाचे लहान लहान भाग पाडलेले असतात. गाडी एका भागात शिरली, की तिच्या मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन पिवळे म्हणजे सावधपणे जा. हिरवा म्हणजे मार्ग मोकळा आहे. पुढच्या गाडीला तिची जागा दिली, तरच मागची सुखरूप पोहोचते.

नानांच्या वाटेतही अडथळे आले. १८५७ च्या उठावानंतर सरकारने त्यांच्यावर संशय घेतला. आरोप सिद्ध झाला नाही. नाना खचले नाहीत, त्यांनी लोककार्य सोडले नाही. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईचे रूळ नागपूरला पोहोचले ते १८६७ साली. ते पाहण्याचे भाग्य नानांना लाभले नाही. आपल्या हयातीत फळ मिळेल की नाही, याचा हिशेब न करता त्यांनी काम केले. मित्रांनो, आज आपण त्या कामाचे फळ चाखतो. आपल्या मागून येणाऱ्यांसाठी आपण काय करणार, याचा विचार तुम्हीही करा.