वितळणाऱ्या मालाचा व्यापारी

कापूस, नीळ, मसाले अशा मालाने भरलेली जहाजे कलकत्त्याच्या बंदरात नित्य येत-जात असत. परंतु सप्टेंबर १८३३ मध्ये तेथे आलेल्या ‘टस्कनी’ या अमेरिकन जहाजात निराळाच माल होता. तो होता बर्फ! चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोन वेळा ओलांडून तो आला होता. जहाजावर थंडावा निर्माण करणारे कोणतेही यंत्र नव्हते. तसे यंत्र तेव्हा व्यवहारात आलेलेच नव्हते. बोस्टनहून निघताना सुमारे १८० टन बर्फ भरला होता. त्यापैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. हा बर्फ पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव फ्रेडरिक ट्यूडर.

ट्यूडर यांचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ रोजी अमेरिकेतील बोस्टन या शहरी एका प्रतिष्ठित वकिलाच्या घरी झाला. त्यांचे भाऊ हार्वर्ड विद्यापीठात शिकले. फ्रेडरिकने मात्र तेराव्या वर्षीच शाळा सोडली व तो व्यापारात शिरला. पुढे आजारी भावाला हवापालटासाठी घेऊन तो क्यूबा बेटावरील हवाना येथे गेला. तेथील दमट उष्म्याने दोघांनाही हैराण केले. भावाची प्रकृती सुधारली नाही; १८०२ साली तो मरण पावला. बोस्टनमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि तेथला बर्फ फुकट वितळून जातो. तोच उष्ण देशांत नेऊन विकला तर? १८०५ साली या कल्पनेने फ्रेडरिकच्या मनाची पकड घेतली.

लोकांनी त्याला वेड्यात काढले. एकही जहाजमालक असा माल न्यायला तयार होईना, कारण बर्फ वितळून जहाजात पाणी साचण्याची भीती होती. शेवटी त्याने स्वतःच एक जहाज विकत घेतले आणि फेब्रुवारी १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ घेऊन तो मार्टिनिक बेटाकडे निघाला. बोस्टनच्या वर्तमानपत्राने या सफरीची थट्टा केली. बर्फ सुखरूप पोहोचला, पण तो साठविण्यास तेथे बर्फघरच नव्हते. घेणाऱ्यांनाही त्याचे काय करावे हे ठाऊक नव्हते. ट्यूडर यांनी एका उपाहारगृहाच्या मालकाला आइस्क्रीम करून दाखविले. त्याने एका रात्रीत तीनशे डॉलरचे आइस्क्रीम विकले. तरीही बाकीचा माल डोळ्यांदेखत पाणी झाला आणि हजारो डॉलर बुडाले.

पुढील दहा वर्षे कर्जाची होती. १८१२ साली कर्ज न फेडल्याबद्दल त्यांना तुरुंगातही जावे लागले. धनको पाठीशी असतानाच १८१५ मध्ये ते पुन्हा हवानाला गेले. या वेळी त्यांनी आधी बर्फघर बांधले. दुहेरी भिंतींमध्ये काय भरले असता बर्फ कमी वितळतो, हे त्यांनी पेंढा, लाकडाचा भुसा अशा नाना वस्तू वापरून आणि रोजचे वितळणारे पाणी मोजून ठरविले. बर्फ वितळण्यासाठी उष्णता लागते. ती आत येण्याची वाट अडविली की बर्फ टिकतो. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा हेच काम करते. साचलेले पाणी मात्र उष्णता पोहोचविते, म्हणून ते वाहून जाण्यास मार्ग हवा. पूर्वी साठ्यातील सुमारे ६६ टक्के बर्फ हंगामात वाया जाई; ट्यूडर यांच्या बर्फघरात ही घट ८ टक्क्यांहून खाली आली.

थंडाव्याने सर्वच माल टिकतो, असे मात्र नाही. १८१६ मध्ये त्यांनी ४० टक्के व्याजाने ३,००० डॉलर उचलले आणि क्यूबातील लिंबे, संत्री, केळी बर्फ व गवतात रचून न्यूयॉर्ककडे पाठविली. महिनाभराच्या प्रवासात जवळजवळ सारी फळे कुजली. तोडलेले फळही श्वसन करीत असते. त्यातून उष्णता व ओल बाहेर पडते. शिवाय केळ्यासारखे फळ अतिथंडीनेही काळे पडते. किती थंड ठेवावे, हा प्रश्न किती काळ ठेवावे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. लहान मुलांना पोलिओचे डोस पाजण्यासाठी आपल्या दारी येणाऱ्या आरोग्यसेविकेच्या खांद्यावरील पेटी तुम्ही पाहिली असेल. त्या पेटीलाही वीज लागत नाही. जाड भिंतींच्या आत गोठविलेल्या पाण्याच्या पिशव्या असतात, एवढेच. परंतु त्या थोड्या वितळू लागल्यावरच आत ठेवतात, कारण काही लसी गोठल्या तर निकामी होतात.

ट्यूडर यांना खरे यश मिळाले ते इतरांच्या साहाय्याने. नॅथनियल वायथ यांनी १८२५ मध्ये घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार तयार केले. त्यामुळे सारख्या आकाराच्या लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना चिकटवून रचल्या की मधे पोकळी राहत नसे आणि वितळणेही कमी होई.

कलकत्त्यात बर्फ अगदीच नवा नव्हता. हुगळीजवळ हिवाळ्यातील रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून पातळ बर्फ धरला जाई. पण तो गढूळ व महाग असे. अमेरिकेचा स्वच्छ बर्फ पाहून तेथील इंग्रज मंडळी हरखून गेली. बर्फावरील जकात माफ झाली आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून तो रात्री उतरविण्याची परवानगी मिळाली. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ट्यूडर यांच्या प्रतिनिधीला चांदीचा पेला भेट दिला. पुढे याच बर्फाच्या सोबतीने अमेरिकेतील सफरचंदेही येऊ लागली. मुंबई व मद्रास येथेही बर्फघरे उभी राहिली. तापाच्या रोग्यांसाठी डॉक्टर बर्फ वापरीत, हे खरे. पण त्याचा मोठा वाटा श्रीमंतांच्या पेल्यांतच जाई, हेही सांगितले पाहिजे.

ट्यूडर हे हट्टी आणि प्रतिस्पर्ध्यांशी कठोर होते. बर्फात मिळविलेला पैसा त्यांनी कॉफीच्या सट्ट्यात घालविला व दोन लाखांहून अधिक डॉलरचे कर्ज करून घेतले. ते फेडण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली आणि फेडले ते मुख्यतः कलकत्त्याच्या बर्फावर. ६ फेब्रुवारी १८६४ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन दशकांच्या आत वाफेच्या यंत्राने बर्फ करणारे कारखाने भारतातच निघाले आणि बोस्टनची जहाजे येईनाशी झाली. कलकत्त्याचे बर्फघर पाडण्यात आले. मद्रासचे, १८४२ साली समुद्रकिनारी बांधलेले बर्फघर मात्र अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांनी तेथे मुक्काम केला होता, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. चेन्नईचे लोक त्या परिसराला आजही ‘आइस हाउस’ असेच म्हणतात.