हवाई छत्रीचा आद्य प्रवासी : आंद्रे-झाक गार्नेरँ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यानें वडिलांची मोठी काळी छत्री उघडली आणि पडवीच्या कौलारू छपराच्या कडेवरून अंगणांत उडी टाकली. छत्रीनें त्याची मुळींच पर्वा केली नाहीं. ती क्षणांत उलटी झाली, तिच्या चार काड्या मोडल्या आणि आमचे हे वीर घोट्याला सूज घेऊन आठ दिवस अंथरुणावर पडले. शिक्षा करावी या हेतूनें आम्ही त्याच्या खाटेजवळ गेलों. परंतु त्यानेंच आम्हांला उलट प्रश्न घातला. छत्री याच्या चौपट मोठी असती तर आपण सावकाश उतरलों असतों कीं नाहीं, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें होतें. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. खऱ्या जिज्ञासेचा होता. त्याचें उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखें नसल्यामुळें आम्ही त्याला एका माणसाचें चरित्र सांगितलें. तेंच आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पॅराशूट म्हणजे हवाई छत्री. तिच्या आधारानें आकाशांतून उड्या घेणारे लोक एकत्र बसले, म्हणजे आपापल्या वाईटांत वाईट छत्रीची हकीकत मोठ्या चवीनें सांगतात. कोणाच्या छत्रीच्या दोऱ्यांना उघडतांना पीळ पडलेला असतो, कोणाची छत्री अशा हिसक्यानें उघडते कीं अंगाचा सांधा न् सांधा खिळखिळा व्हावा, तर कोणाची एकाच अंगाला गरगर फिरत खालीं येते. ज्याला आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगावयास मिळते, तो भाग्यवान. अशा बैठकींत अध्यक्षाचें आसन कोणाला द्यावयाचें झाल्यास तें आंद्रे-झाक गार्नेरँ या फ्रेंच गृहस्थासच द्यावें लागेल. त्याच्या छत्रीइतकी ओढाळ छत्री शोधून सांपडणें कठीण; आणि तरीही ज्या दिवशीं त्यानें ती वापरली, त्या दिवशीं तिच्याहून चांगली छत्री जगांत दुसरी नव्हती.

गार्नेरँ हा ३१ जानेवारी १७६९ रोजीं पॅरिस शहरीं जन्मला. तो चौदा वर्षांचा असतांना, १७८३ सालीं, फ्रान्स देशांत एकामागून एक नवल घडलें. माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या बलूनमधून नोव्हेंबर महिन्यांत माणसें प्रथम आकाशांत गेलीं. पुढच्याच महिन्यांत झाक शार्ल या शास्त्रज्ञानें हायड्रोजन वायूनें भरलेल्या बलूनमधून पॅरिसवरून उड्डाण केलें. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस माँपेलिए येथें ल्नॉर्मां नांवाच्या गृहस्थानें वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीच्या आधारें उडी घेऊन दाखविली. पॅराशूट हा शब्दही त्याच ल्नॉर्मांनें घडविला. त्यानें आरंभीं दोन साध्या छत्र्या हातांत घेऊन झाडावरून उडी घेतली होती, असें सांगतात. म्हणजे आमच्या वसतिगृहांतील वीर या परंपरेंतील अगदींच उपरा नव्हे! अशा दिवसांत वाढलेल्या मुलाचें मन जमिनीवर कसें ठरावें? गार्नेरँ शार्लचा शिष्य झाला आणि आपल्या वडील भावासह बलूनच्या उद्योगांत शिरला.

पुढें राज्यक्रांतीचीं युद्धें सुरू झालीं. गार्नेरँ इंग्रज सैन्याच्या हातीं सांपडला. इंग्रजांनीं त्याला ऑस्ट्रियनांच्या स्वाधीन केलें आणि हंगेरींतील बुडा येथील किल्ल्यांत त्यानें सुमारें तीन वर्षें बंदिवास भोगला. उंच तटावरून सुखरूप उतरतां येईल अशा साधनाचा विचार त्याच्या मनानें तेथेंच घेतला, अशी हकीकत आहे. त्याच काळांत द्रुए नांवाचा दुसरा एक फ्रेंच कैदी ऑस्ट्रियनांच्या स्पिलबर्ग किल्ल्यांत होता. त्यानें हातीं आलेल्या कापडाची छत्री करून खिडकींतून उडी घेतली. छत्रीनें दगा दिला, पाय मोडला, आणि बेडी होती तेथेंच राहिली. स्वातंत्र्याची ओढ दोघांनाही सारखीच होती. परंतु एकानें कापड हातीं येतांच उडी टाकली व दुसऱ्यानें सुटका होईपर्यंत विचार केला, एवढा फरक आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

२२ ऑक्टोबर १७९७ हा दिवस उजाडला. पॅरिसमधील मोंसो उद्यानांत मोठा जनसमुदाय लोटला होता. गार्नेरँची छत्री उघडल्यावर सुमारें सात मीटर व्यासाची होत असे. वर जातांना मात्र ती मिटलेल्या छत्रीसारखी लोंबत होती. मधोमध एक दांडा, दांड्याच्या पोकळींतून जाणारी व छत्रीला बलूनशीं जोडणारी एक दोरी, आणि खालीं टांगलेल्या एका लहानशा टोपलींत उभा असलेला गार्नेरँ. सुमारें तीन हजार फूट उंची गांठल्यावर त्यानें ती दोरी कापली. बलून मोकळें होऊन वर उसळलें. छत्री खालीं पडूं लागली आणि पडतां पडतां उघडली. लोकांना वाटलें, आतां ती सावकाश तरंगत येईल. परंतु ती पाळण्याप्रमाणें झोके घेऊं लागली, आणि झोकाही असा तसा नव्हे. टोपली एकदां या अंगास तर एकदां त्या अंगास इतकी दूर फेंकली जाई कीं पाहणारांनीं डोळे मिटून घ्यावे. शेवटीं टोपली जमिनीवर आदळली, कांहीं अंतर घसटत गेली, आणि तींतून गार्नेरँ चालत बाहेर आला. त्याला दुखापत झाली नव्हती. इतक्या उंचीवरून छत्रीनें उतरून जिवंत राहिलेला मनुष्य त्यापूर्वीं कोणीं पाहिला नव्हता.

ही छत्री अशी झोके कां घेई? पिंपळाचें वाळलेलें पान शांत हवेंत पडतांना पाहावें, अगर पाण्यानें भरलेल्या हंड्यांत पैसा आडवा टाकून पाहावा, म्हणजे हें कोडें सुटतें. पान किंवा पैसा सरळ खालीं जात नाहीं. डावीकडे उजवीकडे हेलकावत जातो. छत्रीखालीं कोंडलेल्या हवेस बाहेर पडण्यास वाट हवी असते. वरून वाट नसली म्हणजे ती कडेनें निसटते. एका कडेनें निसटली कीं छत्री दुसरीकडे कलते, मग त्या कडेनें निसटते, आणि छत्री पुन्हां उलट कलते. असा हा झोका वाढत जातो. छत्रीच्या शेंड्याशीं लहानसें छिद्र ठेवलें, तर हवेचा कांहीं भाग सतत वरच्या वर निघून जातो आणि झोका आवरतो. हा उपाय लालांद या विख्यात खगोलशास्त्रज्ञानें सुचविला, असें सांगितलें जातें. सात मीटर कापडाचें दुखणें, आणि त्यावर उतारा एका भोंकाचा! शास्त्रांत असें पुष्कळदां घडतें.

गार्नेरँच्या धैर्याची दुसरी कसोटी जमिनीवरच लागली. आपल्या पुढील उड्डाणांत एका स्त्रीस बरोबर नेणार, असें त्यानें १७९८ सालीं जाहीर केलें. पॅरिसच्या पोलीस अधिकाऱ्यांनीं त्याला बोलावून घेतलें. उंचावरील विरळ हवेनें स्त्रीच्या नाजूक शरीरास अपाय होईल, तिची शुद्ध हरपेल, शिवाय स्त्रीपुरुषांनीं असें एकत्र आकाशांत जाणें नीतीस धरून नाहीं, असे आक्षेप निघाले व उड्डाणास मनाई झाली. गार्नेरँनें दाद मागितली. वरिष्ठ मंत्र्यांनीं असा निर्णय दिला कीं एका गाडींत बसून जाण्यांत जितकी अनीति आहे, तितकीच बलूनमध्यें बसून जाण्यांत आहे. ८ जुलै १७९८ रोजीं हेन्री नांवाची ती नागरिक स्त्री त्याच्याबरोबर वर गेली व सुमारें तीस किलोमीटरांवर गूसँव्हील येथें धडधाकट उतरली. पुढें त्याची शिष्या व पत्नी झान लाब्रोस हिनें १२ ऑक्टोबर १७९९ रोजीं सुमारें ९०० मीटर उंचीवरून छत्रीनें उडी घेतली. असें करणारी ती पहिली स्त्री. त्याची पुतणी एलिसा हिनें तर १८१५ ते १८३६ या काळांत ३९ वेळां उड्या घेतल्या. आमच्या विद्यार्थिनींनीं, व विशेषतः त्यांच्या पालकांनीं, हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचावा अशी आमची विनंती आहे.

१८०२ सालीं फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत तह झाला आणि गार्नेरँ लंडनला गेला. २१ सप्टेंबर रोजीं त्यानें त्या शहरावर हजारों लोकांच्या देखत उडी घेतली. बलून किती उंच गेलें होतें याचे आंकडे निरनिराळे आहेत. आठ हजार फुटांपर्यंतचा आंकडा दिला जातो. छत्रीची खोड मात्र गेली नव्हती. पांच वर्षांपूर्वीचाच तो भयंकर झोका तेथेंही सुरू झाला. सेंट पँक्रसजवळच्या एका शेतांत तो आदळला तेव्हां अंगास खरचटलें होतें आणि झोक्यांनीं पोटांत इतकें ढवळलें होतें कीं त्याला वांती झाली.

येथें आम्ही क्षणभर थांबतों. चरित्रनायकाचे गुण तेवढे सांगून दोष झांकणें आम्हांस पसंत नाहीं. ज्या छत्रीचा दोष पहिल्याच उडींत साऱ्या पॅरिसनें पाहिला, तोच दोष पांच वर्षांनीं लंडनवर दिसावा, ही गोष्ट गार्नेरँस शोभणारी नव्हती. तो शास्त्रज्ञाचा शिष्य होता, परंतु उड्या दाखवून पोट भरणाराही होता. आणि तमाशा पाहावयास आलेल्या लोकांना झोका जितका भयंकर तितकी मौज अधिक. टाळ्यांच्या गजरांत दोषाची कुजबुज ऐकूं येत नाहीं.

गार्नेरँचे पुढील दिवस तितकेसे भाग्याचे नव्हते. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या उत्सवासाठीं डिसेंबर १८०४ मध्यें त्यानें एक भव्य, माणसाविना सोडलेलें बलून पॅरिसहून उडविलें. तें आल्प्स पर्वत ओलांडून रोमजवळच्या ब्राच्चानो सरोवरांत जाऊन पडलें. वाटेंत तें नीरो बादशहाच्या थडग्यावर आपटलें अशी आवई उठली व नेपोलियनला तो अपशकुन वाटला, असें सांगतात. राजाची मर्जी गेली आणि तो मान पुढें सोफी ब्लांशार या स्त्रीकडे गेला. १८ ऑगस्ट १८२३ रोजीं पॅरिस येथें बलूनची तयारी चालली असतां एक लांकडी तुळई डोक्यावर पडून गार्नेरँ मरण पावला. हजारों फुटांवरून जो वांचला, तो जमिनीवर उभा असतांना गेला.

परंतु त्याच्या झोक्याची कथा एवढ्यानें संपत नाहीं. लंडनच्या त्या उडीच्या प्रेक्षकांत रॉबर्ट कॉकिंग नांवाचा एक चित्रकार होता. तो झोका त्याच्या मनांतून गेला नाहीं. जॉर्ज केली या शास्त्रज्ञाच्या लेखाचा आधार घेऊन त्यानें ठरविलें कीं छत्री उलटी, म्हणजे वर उघड्या तोंडाच्या शंकूसारखी केली, तर ती डोलणार नाहीं. पस्तीस वर्षांनीं, २४ जुलै १८३७ रोजीं, वयाला ६१ वर्षें झालीं असतांना, तो लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेंतून चार्ल्स ग्रीनच्या बलूनखालीं आपल्या छत्रींत बसून वर गेला. त्या छत्रीचेंच वजन सुमारें २५० पौंड होतें. आणि हिशेब करतांना कॉकिंगनें नेमकें तेंच वजन धरलें नव्हतें. बांधणीही नाजूक होती. सुमारें पांच हजार फुटांवर त्यानें स्वतःस मोकळें केलें. छत्री वेगानें खालीं आली, हवेंतच मोडली, आणि कॉकिंग प्राणास मुकला. विशेष हें कीं त्याची कल्पना खोटी नव्हती. पुढें अमेरिकेंत जॉन वाइज यानें दोन्ही प्रकारच्या छत्र्या प्राणी बांधून सोडून पाहिल्या, तेव्हां कॉकिंगच्या तऱ्हेचीच छत्री अधिक स्थिर उतरली. कल्पना खरी, हिशेब चुकीचा. आणि मृत्यु हिशेबाकडे पाहतो.

गार्नेरँनें दोष असलेली छत्री सोडली नाहीं म्हणून आम्ही त्यास बोल लावला. परंतु त्याची छत्री माणसाचा भार पेलण्याइतकी मोठी होती व तिची बांधणी टिकली, हेंही तितकेंच खरें आहे. पुढें गोल छत्र्यांच्या शेंड्याला छिद्र ठेवण्याची रीत पडली. उडी घेणारे पहिली छत्री फसल्यास उपयोगी पडावी म्हणून दुसरी जवळ बाळगूं लागले. ११ डिसेंबर १९७१ रोजीं टांगाइल येथें भारतीय सैन्याची जी पॅराशूट पलटण आकाशांतून उतरली, ती मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. त्या जवानांच्या डोक्यावरील प्रत्येक छत्रीमागें मोंसो उद्यानांतला तो पहिला झोका होता.

आतां आमच्या विद्यार्थ्याविषयीं. त्याच्या वडिलांनीं मोडलेल्या छत्रीची हकीकत ऐकून मुलास कडक शासन करावें असें आम्हांस लिहिलें. आम्ही शासन केलें. चार कोपऱ्यांस चार दोरे बांधलेला रुमाल, त्याखालीं एक खडा, आणि एक कोरी वही, एवढें साहित्य आम्ही त्याच्या स्वाधीन केलें. खडा वरच्या मजल्याच्या खिडकींतून सोडावा, त्याचे झोके मोजावे, रुमालाच्या मध्यभागीं छिद्र पाडून पुन्हां मोजावे, छिद्र थोडथोडें वाढवीत जावें आणि जें दिसेल तें लिहावें. मात्र स्वतः खिडकींतून बाहेर वांकूं नये. त्यानें सात रुमाल खर्चीं घातले. छिद्र लहान असतां झोका कमी होतो व फार मोठें केल्यास खडा दगडासारखा पडतो, हें त्यानें स्वतः शोधून काढलें. आणि आपल्या वजनाच्या माणसास काळी छत्री कां पुरली नाहीं, याचा हिशेबही शेवटच्या पानावर मांडला. ती वही आम्ही त्याच्या वडिलांकडे पाठविली. उलट टपालीं नव्या छत्रीची मागणी येईल, अशी आमची अपेक्षा होती. पार्सल आलें खरें. त्यांत बारा रुमाल होते.