इब्ने सीना : बुजुर्गांच्या सेहतीची फिक्र करणारे हकीम

इब्ने सीना हे नाव आपल्या घरांत बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते काय लिहून गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म इ.स. ९८० (हिजरी ३७०) मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. दहाव्या वर्षापर्यंत कुरआन पाठ झालं, सोळाव्या वर्षी ते रुग्ण तपासू लागले. सामानी अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडले, तेव्हा या कोवळ्या तबीबालाही बोलावणं आलं. त्यातून शाही कुतुबखान्याचं दार उघडलं.

पुढे राज्यं कोसळली, गावं सुटली. हमदानमध्ये ते वजीर झाले. दिवसा कारभार, रात्री शागिर्दांसोबत लेखन. काही महिने किल्ल्यात कैदही भोगली.

याच धावपळीत पाच भागांचा ‘अल-कानून फित्तिब’ तयार झाला. पहिल्याच भागात म्हातारपणासाठी वेगळं प्रकरण आहे. जेवण एकदम भरपेट नको, थोडं थोडं दोन-तीन वेळा. फार खारट, तिखट टाळा. तेलाने हलकी मालिश, पुरेशी झोप. पोट साफ राहण्यासाठी अंजीर. चालणं-फिरणं ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे. चक्कर येणाऱ्याने डोकं खाली घालायची कसरत करू नये. म्हणजे म्हाताऱ्याला खाटेवर बसवून ठेवायचं नाही, झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं ठेवायचं.

बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. युरोपात तो शतकानुशतकं शिकवला गेला, आपल्याकडे युनानी तिब्बमध्ये आजही त्याला मान आहे.

हकीमसाहेब स्वतः मात्र म्हातारपण पाहू शकले नाहीत. पोटशूळ बळावला तरी प्रवास थांबला नाही. १०३७ मध्ये (हिजरी ४२८) हमदानमध्ये त्यांचं निधन झालं. कबर तिथेच आहे.

आज बीपी-शुगरची तपासणी आणि औषधं डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायची. पण बाकीचं काम घर आणि मोहल्ल्याचं आहे. दादाजींना हात धरून मशिदीपर्यंत चालवत नेणं, नानीच्या पुढ्यात वेळेवर मऊ जेवण ठेवणं, आशाताई आल्या की घरातल्या बुजुर्गांचीही चौकशी करायला सांगणं, जमातीने महिन्यातून एकदा मदरशात तपासणी ठेवणं. याला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. तेवढा वेळ आपण काढतो का?

अल्लाह आपल्या बुजुर्गांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.