मल्ल झाला पंच : विल्यम मुलडून

जत्रेतली कुस्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. हलगी कडाडते, जोड हौद्यात उतरते आणि हजारो डोळे त्या दोघांवर खिळतात. त्यांच्याभोवती एक तिसरा माणूस फिरत असतो. बहुधा वयाने उतरलेला जुना पैलवानच. पाठ टेकली की नाही, हे त्याने सांगायचे. जिंकणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात. पंचाला कोण खांद्यावर घेणार? निकाल पटला नाही तर शिव्या मात्र त्याच्याच वाट्याला! अशा पंचाची योग्यता माणसाच्या अंगी येते तरी कुठून, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस होता. त्याचे थोडे उत्तर आम्हांला विल्यम मुलडून या अमेरिकन मल्लाच्या चरित्रात सापडले. माणूस दूरदेशचा, पण तालमीची विद्या सगळीकडे एकच.

मुलडूनचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या ॲलेगनी भागात झाला. आईबाप आयर्लंडहून पोटासाठी आलेले, शेतकरी. आपला जन्म १८४५ चा आणि यादवी युद्धात आपण लढलो, असे तो सांगे. पुढे अभ्यासकांनी त्याचे जन्मसाल १८५२ धरले, म्हणजे ती युद्धकथा डळमळीतच झाली. मोठा माणूस झाला तरी बढाईचा मोह सुटत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. चरित्र लिहायचे तर खरे लिहावे.

१८७६ साली तो न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांत भरती झाला. अंगापिंडाने असा भक्कम, की लोक त्याला ‘भरीव माणूस’ या अर्थाच्या नावानेच ओळखू लागले. त्या काळी तिकडे ग्रीको-रोमन कुस्तीचा बोलबाला होता. या कुस्तीत कमरेखाली हात घालायचा नाही आणि पायाचा डावही टाकायचा नाही. म्हणजे आपल्याकडची टांग, ढाक असले काही चालायचे नाही. छाती, खांदे आणि दम यांच्यावरच सारा खेळ. जानेवारी १८८० मध्ये मुलडूनने तिबो बाऊर या मल्लाला हरवून अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी त्याने पोलिसची नोकरी सोडली आणि कुस्तीच पोटाचा धंदा केला.

त्याच १८८१ साली क्लॅरेन्स व्हिसलर याच्याशी त्याची जी कुस्ती झाली, तिची गोष्ट अजून सांगतात. दोघे सात तासांहून अधिक वेळ झुंजले, पण कुणाचीच पाठ लागेना. अखेर जागेच्या मालकाने दिवे घालवले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. व्हिसलरने केसांना डोळे झोंबणारे काही चोपडले होते, असाही बोभाटा झाला. खरेखोटे देव जाणे! पण त्या काळच्या धंदेवाईक कुस्तीवर पैजा लागत आणि जिथे पैजा आल्या तिथे कपटही येते. काही कुस्त्या आधीच ठरवलेल्या असत, ही कुजबूज तर नेहमीचीच. मुलडूनने हे सारे आतून पाहिले. पुढे जो न्यायाला बसायचा होता, त्याला आधी बाजारात उभे राहावे लागले.

मल्ल म्हणून तो गाजलाच. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ नाटकात मल्लाचे काम करायला रंगभूमीवरही गेला. पण त्याच्या नावाला खरे वजन आले ते एका दुसऱ्याच माणसामुळे.

जॉन सलिव्हन हा त्या वेळचा मुष्टियुद्धाचा राजा. मूठ लोखंडाची, पण दारूने पुरता पोखरलेला. १८८८ मध्ये तो इतका आजारी पडला, की आता हा संपला असे लोक म्हणू लागले. अशात १८८९ साली जेक किलरेन याच्याशी त्याची लढत ठरली. प्रत्येक बाजूने दहा हजार डॉलरची पैज. सलिव्हनला उभा करायचे काम मुलडूनने पत्करले. त्याने त्याला शहरातून उचलून बेलफास्ट या गावी आपल्या शेतावर नेले. पहाटे उठायचे, नांगर धरायचा, मैलोन्‌मैल चालायचे, मुलडूनशी कुस्ती खेळायची आणि बाटलीला शिवायचे नाही. सलिव्हन चिडे, भांडे, पळून जाऊ पाही. वस्ताद मात्र हलला नाही. जे शिष्याला करायला लावले ते त्याने स्वतःही बरोबरीने केले, हे महत्त्वाचे. नुसता हुकूम सोडणाऱ्याचे असल्या दांडग्याने ऐकले नसते.

८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतल्या रिचबर्ग येथे रणरणत्या उन्हात उघड्या मुठींची ती लढत झाली. पंचाहत्तर फेऱ्या, दोन तासांहून अधिक वेळ! सलिव्हन जिंकला. पंच होता जॉन फिट्झपॅट्रिक, जो पुढे न्यू ऑर्लिन्सचा नगराध्यक्ष झाला. ही लढत कायद्याविरुद्ध, चोरून झालेली. नंतर खटले भरले गेले. जुन्या नियमांनी, उघड्या मुठींनी खेळलेली अजिंक्यपदाची ती शेवटची मोठी लढत ठरली. सलिव्हनची दारू मात्र एकदम सुटली नाही. ती त्याने १९०५ साली सोडली आणि पुढे व्यसनाविरुद्ध व्याख्याने देत फिरला. शेतावर पेरलेले बी इतक्या वर्षांनी उगवले, असे आम्हांस वाटते.

मुलडूनने १९०० साली न्यूयॉर्कजवळ पर्चेस येथे आरोग्यशाळा काढली. तिथे मोठमोठे लोक येत. मंत्री एलिहू रूट आले, लेखक थिओडोर ड्रायझर आला. ड्रायझरने पुढे टोपणनाव देऊन त्याचे चित्र रेखाटले, आणि ते काही गोडगोड नाही. श्रीमंत असो की विद्वान, सर्वांना एकच शिस्त, एकच रोखठोक बोलणे. कुणाला तो आवडे, कुणाला त्याची धास्ती वाटे.

आता मुख्य गोष्ट. न्यूयॉर्कात मुष्टियुद्धाचा कारभार फार दिवस गोंधळाचा होता. १९११ च्या कायद्याखाली लढत शेवटपर्यंत गेली तर पंचाने निकालच द्यायचा नाही, असा अजब प्रकार होता. मग कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले ठरवीत आणि पैजांचे पैसे त्यावर वाटले जात! १९२० साली वॉकर कायदा आला. दोन परीक्षक आणि पंच मिळून निकाल देऊ लागले. खेळाडू असो, पंच असो की लढती भरवणारा असो, प्रत्येकाला परवाना लागू झाला. १९२१ मध्ये या कारभाराच्या मंडळावर अध्यक्ष म्हणून मुलडून बसला. सत्तरीच्या घरातला म्हातारा, पण ताठ. प्रेक्षागृहातली धूम्रपानाची सवय त्याने बंद केली. पंचांनाही वचक बसवला. अध्यक्षपद गेल्यावरही मंडळाचा सभासद म्हणून तो अखेरपर्यंत राहिला.

सारेच नीट झाले असे नाही. सप्टेंबर १९२३ मध्ये डेम्प्सी व फिर्पो यांची लढत झाली. पहिल्याच फेरीत डेम्प्सी दोरांबाहेर फेकला गेला आणि बातमीदारांनी त्याला ढकलून परत आत चढवले. नियमाप्रमाणे त्याने आपल्या पायांनी यायला हवे होते. पंचाने लढत चालू ठेवली आणि दुसऱ्या फेरीत डेम्प्सीच जिंकला. दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. हॅरी विल्स नावाचा काळा मुष्टियोद्धा अजिंक्यपदाच्या लढतीला वर्षानुवर्षे पात्र होता. मुलडून अध्यक्ष असताना ती लढत झाली नाही, आणि पुढेही कधी झाली नाही. हौद्यात उतरूच दिले नाही, तर पंच कितीही कडक असला तरी त्याचा काय उपयोग? अजिंक्यपदाच्या लढतीत विल्सला हरवले कुणी नाही; त्याला दाराबाहेर बसवले. ही उणीव झाकून चरित्र पुरे होत नाही.

३ जून १९३३ रोजी मुलडून वारला. न्यूयॉर्कात त्याच्या आणि अजिंक्यवीर टनी याच्या नावाचे मानचिन्ह १९२८ पासून आहे.

या माणसाची थोरवी आम्हांला त्याच्या छातीच्या मापात दिसत नाही. दुसऱ्याला नियम सांगण्याआधी त्याने तो स्वतःच्या ताटावर, झोपेवर आणि मुठीवर चालवला, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले. आणि जिथे त्याची नजर पोचली नाही, तिथे एका लायक माणसावर अन्याय झाला. गावात, घरात, दिंडीत आपल्यालाही कधी ना कधी दोघांत पंच व्हावे लागते. तेव्हा हौद्यात कोण आहे एवढेच न पाहता, बाहेर कोण ताटकळत उभा आहे तेही पाहावे. असो.